खड्डा ज्याचा, काटी त्याची

चेअरमननं आबांना फसवलं. आबा म्हणजे माझे वडील, आणि चेअरमन म्हणजे आमच्या गावच्या सोसायटीचा तेव्हाचा चेअरमन दौलतराव. फसवताना साक्षीला म्हसोबा होता, आणि नंतर सगळं गाव होतं. म्हसोबा दगडाचा आहे, त्याला मी काही म्हणत नाही. गाव दगडाचं नव्हतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण उतारवयात माणूस लहानपण लिहायला बसला की तो गोडगोड लिहिणार असं लोक धरूनच चालतात. माझ्या जिभेला गोड बोलायची सवय नाही. मी सौद्यातला माणूस. कुपवाडला माझं पत्र्याच्या टाक्यांचं शेड आहे, ते मी कुणाच्या वशिल्यानं उभं केलेलं नाही. भाव करताना समोरचा खोटं बोलतो, मीही थोडं बोलतो, आणि शेवटी चहा पिऊन दोघं उठतो. भावातलं खोटं दोघांनाही माहीत असतं, म्हणून ते कुणाला लागत नाही. चेअरमनचं खोटं तसलं नव्हतं. बायको म्हणते, "आता सोडा की. किती वर्षं उगाळत बसणार?" सोडणारही होतो. पण गेल्या महिन्यात त्या तळ्यावर जाऊन आलो, आणि तेव्हापासून जेवणात चित्त नाही, कामावरच्या पोरांवर विनाकारण ओरडतोय, रस्त्यानं चालताना एकटाच हातवारे करतोय. म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव कवठे महांकाळच्या कोरड्या बाजूचं. घर गावाच्या टोकाला, कारण आमच्या घरात दिवसभर ठोकाठोक चालायची आणि ती कुणाला शेजारी नको होती. आबा पत्र्याचं काम करायचे. बादलीला बूड बसवायचं, कणगीचं झाकण करायचं, रॉकेलची चिमणी करायची. लाकडी मोगरीचा आवाज, त्यामागून कात्रीचा कर्रकर्र आवाज, आणि त्या दोन्हींच्या मधे चुलीपाशी आईच्या भाकरीची थापथाप. हे तीन आवाज एकमेकांत इतके बसलेले होते की एखादा थांबला तर मी झोपेतून उठायचो. घराला वास राळेचा आणि कथलाचा. आई म्हणायची, "आमच्या कोरड्याशाला बी राळंची फोडणी हाय." सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. पावसाळ्यानंतर तळ्यात मासे आले की महिनाभर चंगळ, आणि मग त्या राळेच्या वासावर माशाचा वास बसायचा आणि आई चार दिवस कपाळाला आठ्या घालून फिरायची.

उन्हाळ्यात मात्र आबांचं खरं काम एकच, पोहायचे डबे. हल्लीच्या पोरांना हे सांगावं लागतं. पूर्वी पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधत. आबांनी भोपळ्याच्या जागी डबा आणला. तेलाचा, तुपाचा रिकामा पाच किलोचा डबा घ्यायचा, तोंडावर पत्र्याची चकती ठेवून कथील वितळवून सांध्याला डाग द्यायचा, दोन बाजूंना दोरीसाठी कड्या लावायच्या. मग तो डबा आमच्या दारातल्या दगडी डोणीत घालून आबा त्याच्यावर पाय देऊन उभे राहायचे. पाण्यात एक बुडबुडा जरी वर आला तरी डबा परत विस्तवावर. बुडबुडा नाही आला की खिळ्यानं बुडावर एक बारकी चांदणी ठोकायची. चांदणी नसलेला डबा आमच्या घरातून बाहेर गेला नाही. हे मी मुलगा म्हणून सांगत नाही, त्याच कामावर वाढलेला कारागीर म्हणून सांगतो.

डबे भाड्यानं द्यायचं काम माझं. आंब्याच्या दिवसांत सांगली-मिरजेकडची पोरं आजोळी यायची आणि तळ्यावर नुसता कालवा असायचा. पैसे कुणाकडं नसायचे, म्हणून भाडं जिनसात. गावच्या पोरांना खिसाभर शेंगा, बागायतदारांच्या पोरांना मूठभर बेदाणे. मूठ कुणाची, यावर भांडण. मी म्हणायचो मूठ माझ्या आबांची, ती म्हणायची मूठ आमच्या धाकट्या बहिणीची. आयुष्यात पुढं जे काही कमावलं त्याचं शिक्षण त्या काठावर झालं. समोरच्याला पाण्यात जायची किती घाई आहे ते आधी बघायचं, मग भाव सांगायचा.

आता तळ्याबद्दल. म्हसोबाचं तळं म्हणजे काही मोठं धरण नव्हे. टेकड्यांच्या पायथ्याला मातीचा बांध, एका बाजूला म्हसोबाचा शेंदरी दगड, पावसाळ्यात भरणारं आणि चैत्रात तळाशी जाणारं पाणी. पण ह्या रखरखीत मुलखात तेच आमचं सगळं. पिण्याचा काठ वेगळा, म्हशींचा वेगळा, पोहायचा वेगळा, आणि साबण लावून पाण्यात उतरला त्याला कुणीही बाई शिव्या देऊ शकत होती. उन्हाळ्यात तळं आटलं की गाव त्यातला गाळ काढून शेतात ओढायचं. काळा, लोण्यासारखा गाळ. गाळ काढला की खड्डा राहतो, आणि पुढं तळं भरलं की तो खड्डा दिसत नाही. म्हणून एक रीत होती. ज्यानं खड्डा केला त्यानं मिरगाच्या आधी खड्ड्याच्या कडेला उंच वासा रोवायचा आणि त्याच्या टोकाला बाभळीची काटेरी फांदी बांधायची. तिला आम्ही काटी म्हणायचो. तळं भरलं की पाण्यावर ह्या काट्या ओळीनं उभ्या दिसायच्या. काटीच्या अलीकडं पोहा, नाचा, पाणी उडवा, पलीकडं पाऊल नाही. खड्डा ज्याचा, काटी त्याची. दुसऱ्याच्या खड्ड्यावर काटी रोवणं म्हणजे त्याला भर चावडीत बेजबाबदार म्हणणं, त्यावरून डोकी फुटलेली मी बघितली आहेत. पाणी यायचं ते मिरगानंतर, आणि मिरगाआधी काट्या उभ्या असायच्याच. त्यामुळं आमच्या गावात पोर चालायला लागलं की त्याला एवढंच कळायचं: पाण्यात काटी दिसली तर तिथं खड्डा आहे.

ह्यातच सगळं मरण होतं. पण ते पुढं.

त्या वर्षी दौलतराव चेअरमननं नवीन द्राक्षबाग धरली होती आणि तिला गाळ हवा होता. गाड्या-बैलांनी ओढायला त्याला सवड नव्हती. त्यानं माती उकरायचं मशीन आणलं. गावात असलं मशीन तोवर कुणी बघितलं नव्हतं, सगळं गाव बांधावर बसून बघत होतं. मशीननं तळ्याच्या मधोमध, पोहायच्या काठापासून थोडं आत, असा खड्डा काढला की त्यात आमचं घर उभं राहिलं असतं. आबा त्यात उतरून आले आणि जेवताना बोलले, "आपला फावड्याचा खड्डा उतरता असतो, पाय हळूहळू खाली जातो, माणूस सावध हुतो. ह्यो आडासारका उभा हाय."

"मग चेअरमनला सांगा की," आई म्हणाली. "मला काय सांगताय? मी काय मशीन आणलंय व्हय?"

चेअरमनच्या डोक्यात आणखी एक होतं. म्हसोबाची जत्रा वैशाखात असते, तेव्हा तळं कोरडं ठाक. त्यानं महाबळेश्वरहून एक जुनी होडी आणली होती, ट्रकातून, हार घालून. वरच्या अंगाला सरकारी तलाव होता. त्याचं दार उघडायला लावून ओढ्यानं पाणी आमच्या तळ्यात आणायचं आणि जत्रेला पाहुण्यांना होडीतून फिरवायचं, असा बेत. आजूबाजूच्या गावांत कुणी केलं नव्हतं ते आपण करायचं. मी खोटं कशाला बोलू, ऐकून आम्हा पोरांच्या अंगावर काटा आला होता. वैशाखात पाणी! गायीगुरं माळावर जिभा काढून उभी होती, बायका लांबून घागरी आणत होत्या. गाव त्या दिवसांत चेअरमनला देव मानत होतं.

आबा म्हसोबापुढंच त्याला गाठायला गेले, मी मागं होतो. "आवं चेअरमन, पाणी येऊ द्या, लय चांगलं काम हाय. पण आदी काट्या रोवा. मिरगाची वाट बघू नका, पाणी मिरगाआदी येतंय."

"रोवतो की पांडबा. न्हाई कोण म्हणतंय?"

"कवा?"

"पाणी सोडायच्या आदल्या दिशी. माजी माणसं धाडतो." आबा तरीही हलेनात, तेव्हा तो हसला. त्यानं दगडापुढची भंडाऱ्याची चिमूट उचलली, कपाळाला लावली. "ह्यो बग, भंडारा उचलला. आता तरी भरवसा हाय का न्हाई? का तुजा डबा बुडवून दावू?" सगळे हसले, आबाही हसले. भंडारा उचलल्यावर आमच्याकडं पुढं बोलत नाहीत.

त्याच सुमाराला चेअरमनची बहीण शालनआक्का साताऱ्याहून जत्रेसाठी माहेरी आली, आणि तिच्यासोबत तिचा संजू. माझ्याच वयाचा, तेल लावून भांग पाडणारा, बोलणं शहरी. पहिल्याच दिवशी आमच्या दारात आला आणि आबांचे डबे वाजवून बघायला लागला.

"ए, हात लावू नगंस," मी म्हणालो. "भाडं दे, मग लाव."

"काय भाडं आहे?"

"काय आनलंयस?"

त्यानं खिशातून कागदात बांधलेले कंदी पेढे काढले. मी जन्मात खाल्ले नव्हते. चेहरा तसाच ठेवून म्हणालो, "एका डब्याला दोन पेढे."

"अर्धा."

"अर्दा? मग अर्दाच डबा दीन, अर्दा बुडशील."

"चालेल," तो म्हणाला, "पण मग मला बुडायचा अर्धा कुठला तो निवडू दे." मला राग यायला हवा होता, पण हसू आलं. असा घासाघीस करणारा मला आधी कुणी भेटला नव्हता. शेवटी सौदा एका पेढ्यावर मिटला, अट अशी की पेढा दोघांनी मिळून खायचा. पाणी यायच्या आधीचे दिवस आम्ही कोरड्या तळ्यात पाठीला डबे बांधून पोहायचा सराव केला, म्हणजे मातीवर पालथं पडून हातपाय मारले. बांधावरून आबांनी बघितलं. "दिन्या, ढेकळात बुडशील रं," एवढंच म्हणाले आणि गेले. गजा नावाचा माझा मित्रही असायचा, तो हसून हसून लोळायचा.

पाणी ठरल्यापेक्षा आधी आलं. पहाटे ओढ्याकडून खळखळ ऐकू आली, आई भाकरी तव्यावर तशीच टाकून उठली. बाहेर येऊन बघतो तर तळ्यात लाल, फेसाळ पाणी पसरत चाललेलं, गुरं दावी तोडून पळतायत, बायका हसतायत, रडतायत. आबा बांधावर उभे होते आणि त्यांची नजर पाण्यावर काहीतरी शोधत होती. एकही काटी नव्हती.

ते तसेच चेअरमनच्या वाड्यावर गेले. मी मागं पळालो. चेअरमन होडीला रंग देणाऱ्यांवर ओरडत होता. "पांडबा, होडीच्या वाटंत काटं कशाला? पाव्हन्यांची कापडं फाटायची. जत्रा होऊ दे, मग रोवू."

"पान्यात रोवनार? आन तुमी भंडारा उचलला हुता."

"मग? रोवनारच हाय म्हटलं की. जत्रा काय वरीसभर हाय व्हय? तू आसं कर, होडीचं बूड गळतंय, त्याला पत्रा मारून दे. तेवडं बग आधी."

हे लक्षात ठेवा. गळत होती ती होडी.

घरी येऊन आबांनी मला बजावलं, डबा बांधल्याशिवाय कुणाला पाण्यात सोडायचं नाही. डबा असला की खड्डा असो नाहीतर आड असो, माणूस वरच राहतो. दिवसभर ते काठावर उभं राहून पोरांना हाका मारत राहिले, "हिकडं या, हिकडं, मदी जाऊ नका." दुसऱ्या दिवशी चेअरमनचा माणूस बोलवायला आला. जत्रा तोंडावर होती, होडीत पाणी भरत होतं. आबा पत्रा, कथील घेऊन तळ्याच्या पलीकडच्या काठाला गेले.

मी संजूच्या पाठीला डबा स्वतः बांधला. दोरी काखेतून, छातीवर गाठ, गाठीवर दुसरी गाठ. गाठ ओढून बघितली. तो आत गेला, गजा त्याच्या बरोबर. मी काठावर दुसऱ्या पोरांशी बेदाण्यावरून भांडत होतो. पाणी त्यांच्या कमरेला होतं, आणखी आत गेले तरी कमरेलाच. तळाशी कडक जमीन, पाय टेकत होते. संजूनं गाठ सोडली. ते मी बघितलं. डबा पाठीला आदळतो म्हणून त्यानं तो काढून हातात धरला आणि चालायला लागला.

"डबा बांद रं!" मी ओरडलो.

"पाय टेकतायत की!" तो ओरडला.

आणि गजानं गावातल्या कुठल्याही पोरानं केला असता तोच हिशेब केला. पाण्यावर सगळीकडं बघितलं आणि म्हणाला, "काटी न्हाई म्हंजी खड्डा न्हाई. चल."

संजू दोन पावलं पुढं होता. ओरडला नाही, हात वर केले नाहीत. होता आणि नव्हता. डबा तेवढा वर राहिला, गोल गोल फिरत.

आबा पलीकडून पोहत आले. अंगातल्या कपड्यांसकट. तीनदा बुडी मारली, चौथ्यांदा त्याला घेऊन वर आले. काठावर पालथा घातला, पाठ दाबली, पाय धरून उलटा केला, जे जे करतात ते सगळं केलं. माणसं जमली. चेअरमन आला आणि भाच्यावर वाकून रडायला लागला. त्याचं रडणं मी ऐकलं आहे. ते दुःख खोटं नव्हतं. मी हे आजही मान्य करतो. पण रडता रडता त्यानं मान वर केली, काठाला लागलेला डबा बघितला, त्याला लाथ मारली आणि म्हणाला, "डब्यात पानी शिरलं. ह्याच्या डब्यानं मारलं माज्या पोराला." दुःख खरं होतं, बोट खोटं होतं.

मी डबा उचलला, कानाशी हलवून दाखवला. आत थेंब नव्हता. "बगा, वाजत न्हाई, बगा की!" कुणाची तरी थप्पड बसली. कुणाची ते अजून माहीत नाही. आबा तिथंच बसून धापा टाकत होते.

होडी तशीच पडून राहिली, जत्रा झाली नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो तर खड्ड्याच्या कडेनं काट्या उभ्या होत्या. ओळीनं, नीट. चेअरमनच्या माणसांनी मांडीभर पाण्यात उभं राहून रोवलेल्या. बाभळीचा पाला अजून हिरवा होता, वाशांना लागलेला चिखल अजून ओला. पोलीस आले तेव्हा चेअरमननं हात करून दाखवलं. काट्या पहिल्यापासून होत्या, पोरगं परगावचं, डब्याच्या भरवशावर काटीच्या पलीकडं गेलं, आणि डबा गळका निघाला. गावातली शहाणीसुरती माणसं भोवती उभी होती. प्रत्येकाला माहीत होतं. एकजण माझ्याकडं बघून मान खाली घालून तंबाखू मळत राहिला. त्यांच्या म्हशी तेव्हा पाण्यात बसल्या होत्या, भर वैशाखात. चेअरमनला खोटं पाडलं असतं तर वरचं दार पुन्हा कुणी उघडलं असतं?

ह्या जागी आलो की मी उठून फेऱ्या मारतो. आताही मारून आलो.

साताऱ्याला परत जायच्या आधी शालनआक्का आमच्या दारात आली. एकटी. आई उठून उभी राहिली, बसायला पाट दिला, तो तिनं घेतला नाही. माझ्याकडं बघून तिनं एवढंच विचारलं, "त्यानं डबा सोडला होता का रे?"

"व्हय आक्का. पाय टेकत होते म्हनून. मी वरडलो हुतो."

तिनं मान हलवली. बराच वेळ आबांच्या हाताकडं बघत राहिली. मग पदरातून पेढ्यांची कागदी पुडी काढली, उरलेली, आणि माझ्या हातात ठेवून गेली. तिला कळलं होतं. पण माहेर एकच होतं आणि भाऊ एकच. मी तिच्यावर राग धरलेला नाही, माझ्या रागाची यादी तिच्याशिवायही पुरेशी लांब आहे.

त्यानंतर आबांकडं कुणी बादलीही आणेना. "गळंल," म्हणायचे. पाठीमागं नाही, तोंडावर, हसत. आबा ऐकून घ्यायचे. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मिरगाच्या आधी आम्ही सामान बैलगाडीत भरलं आणि कुपवाडला आलो. आबा दुसऱ्याच्या कारखान्यात पत्रा कापायला लागले. कापला, वाकवला, भोकं पाडली. पण कथलाचा डाग त्यांनी परत कधी दिला नाही. आई घरातली फुटकी बादली बाहेरून दुरुस्त करून आणायची, आणि आबा ती भरून ठेवून रात्रभर थेंब पडतो का ते ऐकत बसायचे. माझं शेड उभं राहिलं त्या दिवशी मी त्यांना पहिल्या टाकीला डाग द्यायला सांगितलं. ते म्हणाले, "तूच दे. लोक विचारतील कुनी दिला म्हनून." त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. मरतानासुद्धा गावाचं नाव काढलं नाही. मी ते रोज काढतो.

गेल्या महिन्यात बायकोला घेऊन गावावरून जायचं झालं. तळ्यावर आता मोठी कमान आहे, गाड्या लावायला जागा, बदकाच्या आकाराच्या पायानं चालवायच्या होड्या, फोटो काढायला लाल बदाम. सगळं चेअरमनच्या मुलाचं. लोक पोरंबाळं घेऊन येतात, कणीस खातात, हसतात. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तळं लोकांनी हसावं म्हणूनच असतं. मी तिकिटाच्या खिडकीवर गेलो, सवयीनं भाव पाडून घेतला आणि म्हटलं, "जाकीट दे."

"घ्या की काका, त्या खिळ्याला हायत."

घेतलं. पट्ट्याला कुलुपासारखी पकड असते, ती तुटलेली. दुसरं घेतलं, तेही तसंच. "आरं, हे लागत न्हाई."

"हातानं धरून बसा. फोटोपुरतं असतंय ते."

बांधाच्या टोकाला गेलो तर पाणी ओसरलेल्या भागात जेसीबीनं गाळ काढलेला, उभ्या कडेचे खड्डे, एकापुढं एक. आता सरकारी उपसा योजनेचं पाणी येतं, कुठल्याही महिन्यात. गावात पाण्याला मिरगाची वाट बघावी लागत नाही. मी परत येऊन तिकिटाच्या पोराला विचारलं, "काट्या कवा रोवणार?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कानडीत बोलतोय. "कसल्या काट्या?"

कमानीखाली, पाण्याच्या कडेला, प्लॅस्टिकच्या खुर्चीत चेअरमन बसला होता. वाळून गेलेला, पण डोळे तसेच. मी गाडीकडं गेलो. मागच्या बाजूला पोत्यात संजूच्या हातचा तो डबा असतो, नेहमी असतो, चांदणीचा. तो आणला आणि त्याच्या पुढ्यात पाण्यात सोडला. डबा तरंगला. इतक्या वर्षांनी, गंज खाऊन, पोचे पडून, पाण्यावर ताठ. म्हातारा वाकून बघायला लागला.

"कुनाचा डबा हाय रं?"

"पांडबाचा."

 तो पाण्याकडं बघत म्हणाला, "जुना दिसतोय. गळत आसंल."

मी त्याच्यावर हात उचलला नाही, ह्याचं श्रेय मी बायकोला देतो, तिनं माझा दंड धरला होता. डबा पोत्यात घालून घरी आलो. तेव्हा बोलायचं राहिलं ते इथं बोलतो. चेअरमन, तुम्ही अजून ऐकता, बघता, बोलता, म्हणजे उत्तरही देऊ शकता. तुमच्या मुलाला मी सांगून आलोय, पाणी सोडायच्या आधी मी येणार आहे, आणि त्या प्रत्येक खड्ड्यावर काटी नसली तर कमानीत आडवा झोपणार आहे, मग पोलिसांना बोलवा नाहीतर म्हसोबाला. पण त्याच्याशी माझा हिशेब आजचा आहे. तुमच्याशी जुना आहे. जत्रेच्या दिवशी, सगळं गाव असताना, त्याच दगडापुढं उभे राहा, त्याच बोटांनी भंडारा उचला आणि माझ्या बापाचं नाव घेऊन सांगा: खड्डा कुणाचा होता, आणि काटी कवा रोवली?